घरगुती डीजे

महाराष्ट्रात डीजे ट्रॅक्टरवरून येतो. पुढे पोरं नाचत असतात, मागे जनरेटर धडधडत असतो आणि मिरवणूक आपल्या गल्लीत वळली की काचेच्या कपाटातले पेले एकमेकांना टेकून किणकिणू लागतात. अशा राज्यात कुणी ‘घरी वापरायला डीजे मिक्सर घ्यायचाय’ असं म्हणालं, की ऐकणारा आधी त्याच्याकडे बघतो आणि मग छताकडे.

आमच्या घरात हे वाक्य माझ्या भाचीनं, सईनं, रात्रीच्या जेवणाला उच्चारलं. सई शिक्षणासाठी आमच्याकडे पुण्यात असते. मिक्सर म्हटल्यावर जारविषयी जो विनोद सुचतो तो मी इथे करणार नाही. तो आमच्याकडे प्रत्येकानं एकेकदा करून झाला, शेजारच्या काकूंनी दोनदा. खरेदीचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉलेजात असताना मी सुटे भाग आणून एक अॅम्प्लिफायर जोडला होता आणि तो वाजला होता. त्या एका पुण्याईवर घरातली इस्त्री, दारावरची बेल आणि गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट आजतागायत माझ्याच खात्यात आहेत.

घरच्यांना पटवायला सगळ्यात जड गेलेली गोष्ट अशी, की मिक्सर स्वतः वाजत नाही. खोक्यातून काढा, प्लग लावा, दिवे लागू द्या, सगळ्या खुंट्या उजवीकडे पिळा. तरी जे ऐकू येतं त्याला शांतता म्हणतात. दोन ठिकाणची गाणी आत घ्यायची, हवी तेवढी एकमेकांत मिसळायची आणि पुढे अॅम्प्लिफायरकडे सोडायची, एवढंच त्याचं काम. गाणं पुरवणारं यंत्र वेगळं आणि आवाज करणारं वेगळं.

“म्हणजे एवढे पैसे मोजून आणायचा, आणि तो गप्प बसणार?” आमच्या हिनं विचारलं.

शब्द न् शब्द खरा होता. त्यामुळे ‘किती वॅटचा घेताय?’ या सोसायटीतल्या प्रत्येकाच्या प्रश्नालाही उत्तर नव्हतं. आवाजाचे वॅट मिक्सरकडे नसतातच, ते अॅम्प्लिफायर आणि स्पीकरकडे असतात. पण वॅट नसलेली वस्तू विकत घेतो आहोत असं चारचौघांत सांगायचं म्हणजे हसं व्हायची पाळी. मी ‘बघतोय अजून’ म्हणून वेळ मारून न्यायचो.

हल्ली नवशिक्याला बहुतेक जण कंट्रोलर घ्यायला सांगतात. दोन चकत्या, मध्ये मिक्सरसारखी बटणं, सगळं एकाच पाटीवर. ती लॅपटॉपला जोडायची आणि गाणी लॅपटॉपमधली वाजवायची. ज्याच्याकडे फक्त लॅपटॉप आहे त्याला हाच शहाणा मार्ग, त्यात वाद नाही. पण सईचा जीव माझ्या वडिलांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, रेकॉर्डींवर जडला होता. घरात एक टर्नटेबल चालू स्थितीत होतं, दुसरं तिच्या मैत्रिणीकडे अडगळीत पडलेलं निघालं. एकावर लावणी, दुसऱ्यावर किंवा लॅपटॉपवर तिचं ते धकधक संगीत, आणि एकातून दुसऱ्यात अलगद जायचं, असा बेत. त्याला खरोखरीचा मिक्सर लागतो.

आम्ही तपकीर गल्लीत गेलो. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, बुधवार पेठेतल्या या गल्लीत विजेवर चालणारी कुठलीही वस्तू मिळते आणि प्रत्येक दुकानदाराला शेजारच्या दुकानातली तीच वस्तू कशी टिकत नाही हे ठाऊक असतं. मिक्सरच्या दुकानात उंबऱ्यापासून पोटमाळ्यापर्यंत काळी खोकी रचलेली होती आणि कुठलंतरी हळदीचं गाणं एवढ्या जोरात चालू होतं की गिऱ्हाईक आणि विक्रेता ओठ वाचून व्यवहार करत होते.

“कार्यक्रम कसला आहे काका? गणपती, हळद, की बारसं?”

“घरी.”

“घरी काय आहे?”

“घरी काही नाही. घरीच वापरायचाय.”

त्या मुलानं गाण्याचा आवाज कमी केला. एवढ्या वर्षांत त्या दुकानात पहिल्यांदाच काहीतरी ऐकू आलं असावं. मग त्यानं सईकडे वळून खात्री करून घेतली आणि सरळ चार चॅनेलचा मिक्सर काचेवर ठेवला. चार चॅनेल म्हणजे एका वेळी चार ठिकाणची गाणी. आमच्याकडे दोनच आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, “आज दोन आहेत काका. उद्या लागले तर?” हा ‘उद्या’ मराठी घरात कुठलीही मोठी वस्तू खपवू शकतो. चार चॅनेलचा मिक्सर म्हणजे वाढत्या अंगाचा शाळेचा शर्ट: पोरगं दहावी होतं, बाह्या दुमडलेल्याच राहतात. घरी गाणी मिसळणाऱ्या माणसाला दोन हात, दोन कान आणि एक शेजारी असतो. तिसरा चॅनेल हवाच असेल तर तो ज्याला लागतो त्याला ते आपोआप कळतं, आणि असा माणूस सल्ला विचारत फिरत नाही.

मग इफेक्ट आले. एक खुंटी फिरवली की गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं, दुसरी फिरवली की विमान उडून गेल्यासारखं. सईनं पाच मिनिटं सगळं उडवून पाहिलं आणि बाजूला सरकवलं. मग माइकची जागा. बहुतेक मिक्सरना ती असते, काहींना टॉकओव्हर नावाची सोयही असते: माइकवर बोलायला लागलं की गाण्याचा आवाज आपोआप खाली जातो. हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आमच्या हिला संपूर्ण यंत्रात ही एकच गोष्ट पैसे देण्यालायक वाटली. एक जण बोलायला लागला की बाकीचे गप्प होतात, असं यंत्र जगात आहे आणि ते आपण गाण्यांसाठी वाया घालवतो, असं तिचं म्हणणं.

खरी परीक्षा हेडफोनची होती आणि तिथेच दुकानदाराची आणि आमची वाट वेगळी झाली.

डीजे जे काम करतो त्याचा गाभा लोकांना ऐकूच येत नाही. एक गाणं सगळ्यांसाठी चालू असताना पुढचं गाणं तो एकट्यानं हेडफोनमध्ये ऐकतो, त्याची लय चालू गाण्याशी जुळवतो, नेमक्या मात्रेवर आणून धरतो आणि मगच सोडतो. चॅनेलवरचं जे बटण दाबून हे चोरून ऐकणं जमतं त्याला क्यू म्हणतात. ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर फ्लॅशनं १९७०च्या दशकात स्वतः सुटे भाग जोडून अशी सोय करून घेतली होती. (हे वाचल्यापासून कॉलेजातल्या त्या अॅम्प्लिफायरबद्दलचा माझा आदर वाढलेला आहे.) तेव्हा घरासाठी मिक्सर घेताना पाहायचं ते हे: प्रत्येक चॅनेलला वेगळा क्यू आहे का, हेडफोनमध्ये चालू गाणं आणि पुढचं गाणं यांचं प्रमाण बदलायला खुंटी आहे का, हेडफोनचा आवाज पुरेसा आणि स्वच्छ आहे का. सईनं हेडफोन लावून ऐकायला मागितलं तर विक्रेता गोंधळला. बाहेर एवढा आवाज येतोय, तर ती आत काय शोधतेय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“ताई, आवाज लोकांना ऐकवायचा असतो.”

“लोक नकोच आहेत,” सई म्हणाली.

मला वाटतं घरगुती डीजेची याहून नेमकी व्याख्या कुणी करू नये.

आता हेडफोन म्हटल्यावर सईनं कानातली ती दोन पांढरी बोंडं काढून दाखवली. ब्लूटूथवाली. ती चालत नाहीत. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक मात्रा बरोबर अर्धा सेकंद चालते, आणि ब्लूटूथमधून आवाज कानात पोचायला सेकंदाचा पाचवा भाग सहज उशीर होतो. म्हणजे तुम्ही जुळवलेली सम कानात पोचते तेव्हा बाहेरची वरात पुढच्या चौकात गेलेली असते. वायर असलेला हेडफोन घ्यावा लागेल म्हटल्यावर सईच्या चेहऱ्यावर, आमच्या लहानपणी घरी राखेनं भांडी घासत असत हे ऐकल्यावर जे भाव आले होते, तेच पुन्हा आले.

वायरचा हेडफोन आला आणि घरात एक नवं दृश्य दिसू लागलं: डीजेची ती प्रसिद्ध पोज. एक कान उघडा, दुसऱ्यावर हेडफोनची एकच वाटी, ती तळहातानं किंवा खांद्यानं दाबलेली, मान वाकडी, डोळे मिटलेले. माझ्या आईनं दोन दिवस हे पाहिलं, काही बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी लसूण घालून कोमट केलेल्या तेलाची वाटी घेऊन आली. सईचा कान ठणकतोय आणि पोरगी सोसतेय, हे घरात एवढी माणसं असून एकाच्याही लक्षात येत नाही, याबद्दल मला चार शब्द ऐकावे लागले ते वेगळेच.

रेकॉर्डवाल्यांनी आणखी एक पाहायचं: मागच्या बाजूला ‘फोनो’ लिहिलेल्या जागा किती आहेत. सुईतून येणारा आवाज अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना त्यातला ढोल मुद्दाम दाबलेला आणि झांज चढवलेली असते, ती वाजवताना उलट करून घ्यावी लागते. हे फोनोमध्ये होतं, ‘लाइन’मध्ये होत नाही. टर्नटेबल लाइनला लावलं तर गायिका शेजारच्या इमारतीतून गातेय असं वाटतं. लॅपटॉप फोनोला लावला तर ती तुमच्या कानात ओरडते. बाजारातल्या स्वस्त मिक्सरमध्ये कधीकधी फोनोची एकच जागा असते, तेव्हा खोका उलटा करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

टर्नटेबलातून एक बारीक सुटी वायर निघते. ती मिक्सरच्या मागच्या स्क्रूला आवळायची असते, नाहीतर गाण्याखाली एक अखंड घूं ऐकू येतो. आम्ही ती आवळली. तरी घूं. मग भिंतीतलं अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं टेस्टर लावला, चष्मा कपाळावर घेतला आणि सांगितलं, “अर्थिंग आहे ना साहेब. बटणापासून भिंतीपर्यंत आहे. भिंतीच्या पुढे नाही.” म्हणजे आमच्या तीन पिनांच्या सॉकेटमधलं सगळ्यात मोठं भोक इतकी वर्षं केवळ शोभेला होतं. मिक्सरच्या निमित्तानं अख्ख्या घराचं अर्थिंग झालं, आणि त्याचं बिल मिक्सरच्या बिलाशेजारी ठेवलं असता कोण कुणाच्या निमित्तानं आलं ते ओळखता येत नव्हतं.

मिक्सरच्या पुढच्या कडेला जी आडवी सरकपट्टी असते ती क्रॉसफेडर: डावीकडे एक गाणं, उजवीकडे दुसरं. दुकानात प्रत्येक जण पहिला हात तिलाच लावतो. पण रुडॉल्फ बोझाक यांच्या कंपनीनं १९७१ साली न्यूयॉर्कच्या डिस्कोंसाठी बाजारात आणलेल्या सीएमए-१०-२डीएल या मिक्सरवर ती नव्हतीच, नुसत्या गोल खुंट्या होत्या. आज तशाच गोल खुंट्यांचे मिक्सर हौशी लोक अधिक पैसे मोजून घेतात. जितकी बटणं कमी तितकी किंमत जास्त, हा टप्पा प्रत्येक छंदात येतो. आम्ही अजून तिथे पोचलेलो नाही. मराठी घरातला क्रॉसफेडर मात्र लवकर मरतो. त्याच्या फटीत धूळ, उदबत्तीची राख आणि फोडणीचा वाफारा यांची युती झाली की सरकवताना खरखर सुरू होते. म्हणून वरचे दोन स्क्रू काढून बदलता येणारा क्रॉसफेडर घ्यावा, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा घरात असू द्यावा. आमच्या आईनं यावर स्वतःचा तोडगा काढला. एकेकाळी टीव्हीवर असायचा तसा क्रोशाचा रुमाल तिनं मिक्सरसाठी विणला, चहूबाजूंनी नाजूक झालर लावून. ती झालर पहिल्याच आठवड्यात क्रॉसफेडरच्या फटीत अडकली आणि एक लावणी डावीकडेच राहिली.

सोसायटीचे सेक्रेटरी एका रविवारी येऊन गेले. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हे त्यांनी पाठ म्हणून दाखवलं. स्वयंपाकघरात त्या वेळी खोबऱ्याची चटणी वाटली जात होती, त्यामुळे त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. सईनं त्यांना हेडफोन दिला. त्यांनी लावला, दहा मिनिटं काढला नाही, आणि जाताना गणपतीच्या दिवसांत हॉलमध्ये काही करता येईल का, असं हळूच विचारलं.

हॉलवरून आठवलं. ११ ऑगस्ट १९७३ला ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अव्हेन्यू या राहत्या इमारतीत, एका मुलीनं शाळा उघडण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. जागा इमारतीचाच सामायिक हॉल. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह कँपबेल, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. हिप-हॉपचा जन्म त्या हॉलमधला मानतात. आणि १९७५च्या सुमारास त्याच ब्राँक्समधला थिओडोर लिव्हिंग्स्टन हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपल्या खोलीत मोठ्यानं रेकॉर्ड लावून बसला असता आई दारात येऊन ओरडली. ती काय म्हणतेय ते ऐकायला त्यानं फिरती रेकॉर्ड हातानं धरली, धरल्या धरल्या मागेपुढे हलवली, आणि जो खर्रखर्र आवाज निघाला तो त्याला आवडला. त्याला आज जगभर स्क्रॅच म्हणतात. ही हकिकत त्यानं स्वतःच सांगितलेली आहे. एक सोसायटीचा हॉल आणि एक रागावलेली आई, एवढ्या सामग्रीवर ही कला उभी आहे. तेव्हा घरगुती डीजे हा प्रकार कुणी कमी लेखू नये.

सईची लावणी काही सहज जुळली नाही. जुन्या गाण्यांच्या वेळी अख्खा वाद्यमेळ एका खोलीत बसून एकदम वाजवत असे, ढोलकीवाल्याला रंग चढला की गाणं अंगात येई, आणि अखेरीला तर मुद्दामच पळे. आजच्या धकधक संगीताचा ठोका यंत्राचा, तो एका केसानं हलत नाही. राम कदमांचं संगीत असलेला ‘पिंजरा’ हा लावण्यांचा चित्रपट १९७२चा, आणि डीजे लोक ज्याची शपथ घेतात ते टेक्निक्सचं एसएल-१२०० टर्नटेबलही १९७२चंच. त्याच्या १९७९च्या दुसऱ्या आवृत्तीला वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी आली. तशीच पट्टी सरकवून सईनं लय गाठली खरी, पण रेकॉर्डचा वेग ६ टक्के वाढवला की सूरही जवळजवळ अर्धा स्वर चढतो. काळी चारमधली बाई पांढरी सहात जाते.

हे मला कळलं नाही. आईला कळलं. ती गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमेपर्यंत शिकलेली आहे आणि शेजारच्या खोलीत शेंगा सोलत होती.

“सई, तिला एवढं वर का नेलंस गं? दमेल ती.”

सईनं लावणी खाली आणली आणि धकधक संगीताचाच वेग कमी केला. तिथे कुणी दमायला नव्हतं.

शेवटी घेतला तो दोन चॅनेलचा, दोन्हींना फोनो, प्रत्येकाला क्यू, तीन पट्ट्यांचा ईक्यू (म्हणजे खालचे, मधले आणि वरचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) आणि बदलता येणारा क्रॉसफेडर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही तेच आणाल. ज्याला पुढेमागे क्लबात वाजवायचंय त्यानं पायोनिअरच्या मांडणीवर हात बसवलेला बरा, बहुतेक क्लबांत तीच असते. बाकीच्यांनो, दुकानात जाताना स्वतःचा हेडफोन आणि रोज ऐकण्यातलं एक गाणं घेऊन जा, दुकानातला मोठा आवाज बंद करायला सांगा आणि क्यू दाबून निवांत ऐका. आत खरखर किंवा सूं आवाज असेल तर बाहेर कितीही दणदणीत वाजला तरी तो घेऊ नका. आणि हेडफोनची पिन साडेतीन मिलिमीटरची असते, मिक्सरची जागा बहुधा पाव इंचाची. मधला जोड दुकानदार फुकट देतो, पण बिल करण्याआधी मागितला तरच.